देवळाच्या कुरणाला झालेला नायटा

१. पिवळे गोल

देवळाच्या कुरणाला नायटा झाला होता. हिरव्या गवतात बशीएवढे पिवळे, मेलेले गोल, ओढ्यापासून थेट वरच्या कुंपणापर्यंत. रोलंड अटिंगने काठी टेकत टेकत एकेक मोजला, तेव्हा चौतीस भरले.

"हे काय आहे, मेव्हिस?" त्याने विचारलं.

"तुला दिसतंय की काय आहे ते."

"मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

मी तीस वर्षं खाटीकखान्यात मांस-तपासनीस होते. बाहेरून गुबगुबीत दिसणाऱ्या जनावराचं काळीज चिरलं की आत काय काय निघतं, ते मी रोज जेवणाआधी बघितलेलं आहे. पण त्या कुरणाकडे बघताना जी किळस आली, तशी खाटीकखान्यात फार क्वचित आली असेल.

"कुणीतरी खणलंय," मी म्हटलं. "गवताचं झाकण कापलं, खालून काय हवं ते काढलं आणि झाकण परत बसवून पायाने दाबलं. पाऊस असता तर गवत पुन्हा मूळ धरतं आणि तुला जन्मात कळलं नसतं. पण मेच्या मध्यापासून थेंब नाही. कापलेली मुळं वाळली."

रोलंड सत्तरीचा. शेतकरी बापाचा शेतकरी मुलगा, बोलायला लागला की प्रत्येक शब्दामागे दम खाणारा. त्याच्या या कुरणाखाली रोमन काळातलं देऊळ झोपलेलं आहे. रोलंड तरुण असताना सरकारने फाटकावर पाटी ठोकली : संरक्षित स्मारक. तेव्हापासून तिथे नांगर चालत नाही, कुदळ चालत नाही. खुद्द रोलंडला कुंपणाचा एक खांब रोवायचा तर अर्ज करावा लागतो. मेटल डिटेक्टर घेऊन नुसतं आत पाऊल टाकणं हाही गुन्हा, मग काही सापडो न सापडो. आमच्या नॉरफोकमध्ये यंत्राने जमिनीतल्या जुन्या वस्तू शोधायच्या या छंदाची सगळी माणसं हा नियम पाठ म्हणून दाखवतात.

आणि अटिंगच्या अख्ख्या शेतावर यंत्र फिरवायची लेखी परवानगी एकाच माणसाला होती. मला. कुरणाला लागून असलेल्या, यंदा नांगरून पडीक ठेवलेल्या तुकड्यासाठी.

रोलंडने खिशातून तो कागद काढला. खाली त्याची सही, माझी सही, एप्रिलची तारीख.

"परवा, गुरुवारी, जिल्ह्याची ती पुरातन वस्तूंच्या नोंदी करणारी पोरगी येणार आहे. इमोजेन पेल. मीच बोलावलंय. ती पहिलं विचारणार, इथे यंत्र घेऊन कोण फिरतं. मी काय सांगू?"

"खरं सांग."

"खरं म्हटलं तर एकच नाव आहे गं."

मला त्याचा राग आला नाही. माझाच आला. नऊ वर्षांपूर्वी मी हा छंद सोडला होता, तोही किळस येऊन. एका मोठ्या मेळाव्यात माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाने सापडलेलं सोन्याचं नाणं हळूच तोंडात टाकलं आणि संध्याकाळपर्यंत चहा नको, सँडविच नको म्हणत गाल फुगवून हिंडला. मी घरी येऊन यंत्र माळ्यावर टाकलं. पण खुब्याचं हाड बदलल्यावर डॉक्टर म्हणाले, चाला. नुसतं चालायचा मला कंटाळा. म्हणून माळ्यावरचं यंत्र उतरवलं. नऊ वर्षांत कायदे बदलले होते, गुप्तधन कशाला म्हणायचं याची व्याख्याही बदलली होती. चार शनिवार वर्गाला बसले, शाळकरी पोरीसारखं सगळं वहीत उतरवलं. दोन महिन्यांत सापडलं काय? नांगराने अर्धी कापलेली, कपड्याला लावायची एक रोमन पिन. तीही त्याच आठवड्यात इमोजेनकडे नोंदवली. सचोटीने वागायचं म्हणून परत आले, आणि पहिल्याच घासाला खडा.

"मला आत जाऊन बघू दे," मी म्हटलं.

यंत्र कुंपणाबाहेर ठेवलं, फावडंही ठेवलं. रिकाम्या हाताने आत गेले. झाकण उचलून खाली बघायचा मोह झाला, पण तोही गुन्हाच. मग नुसती वाकून बघत राहिले.

प्रत्येक झाकण तीन बाजूंनी कापलेलं, चौथ्या बाजूला बिजागरी ठेवलेली. वर मातीचा कण सांडलेला नाही. आणि आजूबाजूला काही म्हणजे काही पडलेलं नव्हतं. जुन्या कुरणात यंत्र दहादा वाजलं तर आठदा भंगार निघतं. रात्रीचे चोर ते तिथेच भिरकावून देतात. इथे चौतीस खड्डे आणि एक गंजका खिळासुद्धा नाही.

"काय दिसलं?" रोलंडने कुंपणापलीकडून विचारलं.

"नीटनेटका चोर."

"नीटनेटकी तर तूही आहेस," तो म्हणाला आणि त्याने कागदाची घडी घालून स्वतःच्याच खिशात ठेवली. "गुरुवारपर्यंत हा माझ्याकडे राहू दे."

२. भंगार-चषक

त्याच संध्याकाळी गावच्या सभागृहात आम्हा डिटेक्टरवाल्यांच्या क्लबची महिन्याची बैठक होती. मी गेले नसते तर गुन्हा कबूल केल्यासारखं झालं असतं, म्हणून गेले.

दारातच डीन कॅचपोल उभा होता. तिशीचा, तोंडाने फटकळ. सापडलेली बकलं-बटणं इंटरनेटवर विकून पैसे करतो. कायद्यात बसतं, पण मला त्याच्याशी हात मिळवल्यावर हात धुवावासा वाटतो.

"काय आजी, चौतीस म्हणे!" तो ओरडला. "नव्या खुब्याला बरं झेपलं!"

गावात बातमी माझ्या आधी पोचली होती.

"तू कुठे होतास मे महिन्यात?"

"आली का पोलिसीण! अहो आजी, मी खड्डा बुजवत नाही हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. त्यावरून क्लाइव्हने मला दोनदा क्लबातून हाकललंय. लॉसनच्या गाईचा पाय मुरगळला तो माझ्याच खड्ड्यात. चौतीस खड्डे खणायचे आणि चौतीस परत बुजवायचे? त्यापेक्षा नोकरी नाही का करणार?"

त्याचं बोलणं घाणेरडं होतं, पण खोटं वाटत नव्हतं. आळशी माणसाच्या आळसावर विश्वास ठेवायला हरकत नसते.

आत क्लाइव्ह लार्टर तराजू पुसत होता. क्लाइव्ह आमचा अध्यक्ष, पूर्वी शाळेत मुख्याध्यापक. वीस वर्षांपूर्वी मला यंत्र धरायला त्यानेच शिकवलं. झाकण कसं कापायचं, बिजागरी कशी ठेवायची, सगळं त्याच्या हातचं. क्लबचे नियमही त्यानेच लिहिलेले आणि चौकटीत लावलेले. पहिला नियम तो दर बैठकीला मोठ्याने म्हणून घेतो : शेत जसं मिळालं त्याहून स्वच्छ सोडा.

त्यासाठीच आमच्याकडे भंगार-चषक आहे. एका जुन्या भांड्याला दोन चमचे जोडून कान केलेत, तो चषक. वर्षभर प्रत्येकाने शेतातून उचलून आणलेला कचरा आपापल्या नावाच्या ट्रेमध्ये टाकायचा, जूनच्या बैठकीत वजन करायचं, सगळ्यात जास्त ज्याचं त्याला चषक. सहा वर्षं तो क्लाइव्हकडेच आहे. यंदा मात्र मेच्या बैठकीत पडीक शेतातल्या लोखंडाच्या जोरावर माझा ट्रे किलोभराने पुढे होता.

"मेव्हिस थर्केटल, चार किलो दोनशे," क्लाइव्हने वाचलं. मग स्वतःचा ट्रे ठेवला. "चार किलो सहाशे!"

टाळ्या पडल्या. माझ्यासाठी पडल्या नसत्या, त्या दिवशी तर नाहीच. मी त्याच्या ट्रेमध्ये डोकावले. काडतुसांची बुडं, खिळे, डब्यांच्या कड्या आणि शिशाच्या करंगळीएवढ्या दहा-बारा राखाडी गुंडाळ्या. मासेमारीच्या जाळ्याची वजनं असतील, असं मनाशी म्हटलं. शिसं जड असतं. एका महिन्यात तो मला मागे टाकून गेला त्यात नवल नव्हतं.

भिंतीवर त्याच्या मे महिन्यातल्या शोधाचे फोटो लावलेले होते. मॅनर फार्मच्या नांगरटीत, जेमतेम वीतभर खोल, चांदीची बावीस रोमन नाणी आणि एक घोडेस्वाराची पितळी पिन. रीतसर गुप्तधन म्हणून नोंदवलेलं. बक्षीस मिळेल, अर्धं त्याला, अर्धं मॅनरच्या मालकाला. पिनेवरचा तो इवलासा घोडा चारही पाय शाबूत घेऊन उभा होता. शेपटीसुद्धा जागेवर.

"सुंदर आहे ना?" क्लाइव्ह मागे येऊन उभा राहिला. त्याच्या अंगाला नेहमी साबणाचा वास येतो.

"सुंदर आहे. क्लाइव्ह, तू अटिंगच्या शेतावर शेवटचा कधी गेला होतास?"

"मी? एकवीस वर्षांत पाय ठेवलेला नाही तिथे. रोलंडच्या बापाने मला कुत्रं सोडून हाकललं होतं. पुढे रोलंडला तीनदा पत्र लिहिलं, उत्तर नाही. तुला मात्र दिली परवानगी." तो हसला. "असतं एकेकाचं नशीब."

"नशीब म्हणजे काय ते बघतेच आहे मी."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज उतरवला. "अगं मेव्हिस, सांगून टाक ना. इतक्या वर्षांनी परत आलीस, मोह झाला, होतं माणसाचं. तुझं वय बघून नुसती समज देऊन सोडतील. मी चार शब्द टाकतो तुझ्यासाठी."

हॉलमध्ये सगळे सॉसेज रोल चघळत कान देऊन उभे होते. खांद्यावरचा तो हात मी दोन बोटांनी उचलून बाजूला केला.

"शिकवलंय तूच मला," मी म्हटलं. "इतकं चांगलं झाकण आपल्यात कोण कोण कापतं रे?"

त्याने एकदा हॉलभर नजर फिरवली. मग म्हणाला, "तू आणि मी." आणि सगळ्यांदेखत पुढे म्हणाला, "आणि मी तर तिथे कधी जात नाही."

३. शिशाची पट्टी

रात्रभर त्याचं वाक्य डोक्यात वाजत राहिलं. ते बरोबर होतं, तीच पंचाईत. डीन नाही. बाहेरचे चोर नाहीत. उरलो आम्ही दोघं, आणि त्यातला एक गावचा माजी मुख्याध्यापक. गुरुवारी इमोजेनपुढे मी काय ठेवणार होते? चोराने खड्डे नीट बुजवलेत, सबब ती मी नव्हे?

बुधवारी सकाळी मी रोलंडच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. त्याने चहा ओतला, पण केकचा डबा उघडला नाही. आमच्याकडे याहून कठोर अपमान नसतो.

"एक विचारू का?" मी म्हटलं. "तूच केलं नाहीस ना हे? त्या पाटीचा तुला जन्मभर राग आहे. नांगरायचं होतं तुला ते कुरण."

"नांगरायचं होतं. कुरतडायचं नव्हतं." तो चिडला तसा त्याचा आवाज बारीक झाला. "माझ्या आईची बाग होती तिथे. तिची जमीन उंदरासारखी कुरतडणार का मी?"

"कसली बाग?"

"सफरचंदांची. साठ झाडं. पाटी लागली त्याच्या आदल्या वर्षी बापाने सगळी पाडली. आई आठ दिवस कुणाशी बोलली नाही." त्याने मानेनेच खिडकीकडे खूण केली. "ती बघ, तिची एक पट्टी राहिलीय."

खिडकीच्या चौकटीत खिळ्याला एक राखाडी पट्टी लटकत होती. शिशाची, बोटभर लांब. त्यावर खिळ्याने ठोकून ठोकून ठिपक्यांची अक्षरं काढली होती : कॉस्टर्ड. अक्षरांपुढे तीन ठिपके, एका ओळीत.

"प्रत्येक झाडासाठी तिने स्वतः त्याच्या जातीच्या नावाची पट्टी केली होती," रोलंड म्हणाला. "हिवाळ्यात चुलीपाशी बसून ठोकायची. शेवटचे तीन ठिपके आम्हा तीन पोरांचे."

"आणि पट्टी झाडाला बांधायची कशी?"

"बांधायची कशाला? शिसं मऊ. फांदीभोवती गुंडाळी मारायची. पाडलेली झाडं तिथेच कुजली, पट्ट्या मातीत पडल्या असतील गुंडाळ्या होऊन. ही मी घाव घालून सरळ केली."

माझ्या हातातला कप बशीवर आपटला.

"रोलंड, नीट आठवून सांग. अशी बाग आणखी कुठे होती? नांगरटीत? ओढ्यापलीकडे?"

"कुठेही नाही. बाकी जमीन पाणथळ, सफरचंद धरत नाही. फक्त कुरणात."

"या पट्ट्यांविषयी गावात कुणाला माहीत आहे?"

"मला. आता तुला. दोघी बहिणी गेल्या. का गं? काय झालं?"

मी त्या पट्टीकडे बघत होते आणि मला शिसारी येत होती. चोरी तर वाईट असतेच. पण चोराने चोरीच्या जागेवरून कचरा नियमाप्रमाणे गोळा करावा, घरी न्यावा, आणि चषकासाठी तराजूत घालावा?

"रोलंड, उद्या इमोजेन आली की तिला आधी कुरणात नेऊ नकोस. सभागृहात घेऊन ये. आणि तोपर्यंत तोंडाला कुलूप."

"सभागृहात कशाला?"

"तुझ्या आईला भेटायला," मी म्हटलं.

घरी येताना मात्र पाय जड झाले. सगळे ट्रे सभागृहाच्या कपाटात होते, शुक्रवारी भंगारवाला न्यायला येणार होता, आणि कपाटाची किल्ली क्लाइव्ह लार्टरच्या खिशात होती. त्याने नुसता एक ट्रे आज रिकामा केला, की उरलं फक्त माझं नाव.

४. सगळ्यात स्वच्छ माणूस

क्लाइव्हला फोन मी केला नाही, इमोजेनकडून करवला. "क्लबने शेतांतून किती कचरा उचलला त्याचे फोटो काढून वरच्या कचेरीला पाठवावेत म्हणते. सभागृह उघडाल का?" एवढंच तिने विचारायचं होतं. मुलगी हुशार. कारण न विचारता तिने तसंच विचारलं.

क्लाइव्ह आनंदाने तयार झाला. किल्ली तर आणलीच, वर टाय लावून आला. टेबलावर चादर अंथरली, त्यावर आपला ट्रे मधोमध ठेवला आणि शेजारी चषक. मोफत चहाचा वास लागल्यासारखा डीनही येऊन टेकला होता. मग रोलंड आत आला, आणि क्लाइव्हचा चेहरा किंचित आक्रसला.

"कुरणाचा निकाल आधी लावला असतात तर बरं," तो इमोजेनला म्हणाला. "मेव्हिसला उगाच ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही."

"कुरणाचंच चाललंय," मी म्हटलं. "इमोजेनबाई, त्या ट्रेमधली एक गुंडाळी उघडता का? हळू, लाकडी काडीने."

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"जाळ्याची वजनं," क्लाइव्ह म्हणाला. "शिसं. भंगार."

इमोजेनने हातमोजे चढवले. काडी आत सरकवून ती गुंडाळी उलगडू लागली. माती भुग्याने खाली पडली. आतल्या बाजूला ठिपके दिसायला लागले. रोलंड टेबलाच्या कडेला आला, त्याने खिशातून चष्मा काढून लावला.

"बीफिंग," त्याने वाचलं. आणि शेवटच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं. "ही आई. हे झाड फाटकापाशी होतं. यावर माझा झोपाळा होता."

इमोजेनने दुसरी उघडली. पिअरमेन. तीन ठिपके. तिसरी. तीन ठिपके.

रोलंडने खिडकीतली पट्टी काढून आणली होती, ती त्याने शेजारी ठेवली. मग मी थोडक्यात सांगितलं : बाग कुठे होती, कधी पाडली, आणि कुरणाबाहेर एकही झाड नव्हतं.

"मॅनर फार्मवर सापडल्या मला त्या," क्लाइव्ह म्हणाला. आवाज मुख्याध्यापकाचाच होता, पण एक पायरी खाली उतरलेला. "कुणीतरी माती वाहून नेली असेल. होतं असं."

"बारा झाडांची?" रोलंडने विचारलं.

"मॅनरच्या नांगरटीतच तुला ती नाणीही सापडली," मी म्हटलं. "वीतभर खोल. तीनशे वर्षं नांगर फिरलेल्या जमिनीत. माझी पिन कुरणाशेजारच्याच नांगरटीत सापडली, ती अर्धीच आहे, उरलेली नांगराने खाल्ली. आणि तुझ्या घोड्याची शेपूट शाबूत? त्या घोड्याने नांगर कधी बघितलाच नाही, क्लाइव्ह. तो गवताखाली झोपला होता."

इमोजेनने मान वर केली. "मलाही तेच खटकत होतं," ती म्हणाली. "नाण्यांवरही एक ओरखडा नाही. मी त्याची नोंद करून ठेवली होती. पण क्लाइव्ह लार्टर म्हटल्यावर..." ती थांबली आणि लाल झाली.

"म्हटल्यावर काय, पोरी? सांग की," डीन म्हणाला. "मी आणली असती तर त्याच दिवशी पोलीस माझ्या दारात असते."

हे त्याचं बोलणं त्या दिवशीचं सगळ्यात स्वच्छ बोलणं होतं, आणि ते डीनच्या तोंडून ऐकावं लागलं.

"परवा सगळ्यांदेखत तू म्हणालास, एकवीस वर्षांत तिथे पाय ठेवला नाही," मी क्लाइव्हला म्हटलं. "पाय न ठेवता रोलंडच्या आईच्या पट्ट्या कशा उचलल्यास?"

क्लाइव्हने चषकाचा कान बोटाने सरळ केला. तो रडेल असं मला वाटलं होतं. त्याने मान ताठ केली.

"मी चोर नाही," तो म्हणाला. "चोर खड्डे उघडे टाकतात. मी एकेक खड्डा बुजवला. एकेक झाकण जागेवर बसवलं. पहाटे चारला जायचो, तीन आठवडे. त्या जमिनीतला खिळासुद्धा मी मागे ठेवला नाही. एकवीस वर्षं मी कुंपणाबाहेरून बघत होतो, आणि हा माणूस पत्राला उत्तर देत नव्हता. ती नाणी तिथे कुजली असती. मी ती सरकारकडे दिली. शेत जसं मिळालं त्याहून स्वच्छ सोडलं मी!"

"आणि मे महिन्यात मी पुढे होते," मी म्हटलं, "म्हणून तो कचरा ट्रेमध्ये टाकलास."

त्याची मान पहिल्यांदा खाली गेली. देवळाची चोरी त्याने ताठ मानेने सांगितली, आणि भांड्याच्या चषकाची त्याला लाज वाटली. सडकं काळीज मी पुष्कळ बघितलं आहे. टाय लावलेलं पहिल्यांदाच बघत होते.

इमोजेनने वही उघडली.

"पोलिसांना मी कळवणारच आहे," ती म्हणाली. "त्याआधी एकच सांगा. नाणी कुठल्या खड्ड्यातून निघाली? देवळाच्या दारातून, की आतून? सगळी एकत्र होती, की एकेक वाहिलेली? पिन नाण्यांच्या वर होती की खाली?"

"नाही आठवत," क्लाइव्ह म्हणाला.

"चौतीसांपैकी कुठला तरी आठवेल."

"सगळे सारखेच दिसतात," तो म्हणाला. "इतकं नीट बुजवल्यावर कसं ओळखणार?"

तिने पेन खाली ठेवलं. सोळाशे वर्षांपूर्वी कुणी नवस फेडायला काय आणलं, कुठे ठेवलं, ते सगळं या माणसाच्या नीटनेटकेपणात बुजून गेलं होतं. रोलंड मात्र टेबलावर पट्ट्या मांडत होता. ही फाटकाची, ही विहिरीपाशीची, हिच्याखाली कुत्रं पुरलं होतं. भंगाराची जागा न् जागा त्याला पाठ होती.

"मग चषक आजीचा," डीन म्हणाला. कुणी हसलं नाही म्हटल्यावर त्याने ते भांडं उचलून माझ्यापुढे धरलं.

"भंगारवाला उद्या येतोय," मी म्हटलं. "त्याच्या गाडीत टाक."

बाहेर रोलंडने मला थांबवलं. बूट मातीत घासत उभा राहिला. मग खिशातून माझा परवानगीचा कागद काढून दिला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "रविवारी ये. केक करतो."

मी कागद उघडला. आमच्या सह्यांच्या वर, पेन्सिलीने, नवी ओळ लिहिली होती : कुरणाच्या फाटकापासून वीस पावलं दूर राहणे.

"हे कधी लिहिलंस?"

"आत्ता. तू इमोजेनशी बोलत होतीस तेव्हा." त्याने वर बघितलं नाही. "सगळ्यांसाठीच आहे गं ते."

"सगळे कोण, रोलंड? परवानगी माझ्या एकटीकडेच आहे."

गावात मला विचारणारा तो एकच मित्र, आणि त्याच्यावरही मला चिडता येईना. गोड बोलणाऱ्या, नीट झाकण कापणाऱ्या माणसावर विश्वास ठेवून काय होतं, ते त्याने तासाभरापूर्वीच टेबलावर मांडलेलं बघितलं होतं. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच लिहून घेतलं असतं. मला याचीच सगळ्यात जास्त किळस आली.

मी त्याच्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि त्या ओळीखाली सही केली.